संविधान शिकायला किती पैसे लागतात?

गेल्या जूनमध्ये मंगळवेढ्याकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्या ऑफिसात आले. मुलगी बी.ए. झालेली, तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी दिलेली, आणि डोक्यात एकच पक्के की आपल्याला संविधान शिकायचे आहे. वडिलांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. कुठल्याशा क्लासने हातात दिलेली यादी होती ती. ‘संविधान विशेष बॅच’, नोट्सचे तीन भाग, नऊ पुस्तके, रेकॉर्ड केलेली लेक्चर्स. बेरीज २७,००० रुपये. “एवढे तर लागणारच ना, मॅडम?” त्यांनी विचारले.

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब नव्याने मांडला. पुस्तकांचा सगळा खर्च १,५०० रुपयांच्या आत आला. मग त्याखाली मी दुसरी एक बेरीज लिहिली. ती तीन लाखांच्या घरात गेली आणि तिच्याबद्दल त्यांना कोणीच काही सांगितले नव्हते. दरवर्षी माझ्याकडे येणाऱ्या पालकांचे हेच होते. जे जवळजवळ फुकट मिळते त्यावर ते पैसे घालवतात आणि जिथे खरा पैसा जातो ती बाजू प्रवेश झाल्यावर कळते. म्हणून दोन्ही बेरजा इथे सविस्तर मांडते.

आधी एक गैरसमज दूर करू. संविधान हा कुणी वेगळे पैसे भरून घ्यायचा विषय नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनुसार एलएल.बी.च्या सक्तीच्या विषयांत ‘कॉन्स्टिट्यूशनल लॉ’चे दोन पेपर आहेतच. प्रशासकीय कायदा त्याला लागून येतो. फी ज्या दिवशी भरता त्या दिवशी हे दोन्ही पेपर तुम्ही विकत घेतलेले असतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात काही ठिकाणी ‘ऑनर्स’ म्हणून संविधानाचे जादा पेपर निवडता येतात, त्याचा पुढे एलएल.एम.ला उपयोग होतो. पण वकिलीची सनद मिळण्यासाठी साधी पदवी आणि ऑनर्स यांत फरक नाही. केवळ त्या शब्दासाठी वर्षाला लाखभर जास्त मोजू नका.

फी: आकड्याआधी तुकडी बघा

महाराष्ट्रात विधी प्रवेशाचा मुख्य रस्ता राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून जातो. तीन वर्षांची आणि पाच वर्षांची परीक्षा वेगळी, अर्जाचा खर्च हजार रुपयांच्या आसपास. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट द्यावी लागते. तिचा अर्जच गेली काही वर्षे ४,००० रुपयांचा आहे, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना ३,५००. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आपल्या राज्यात आहेत. तिथली वर्षाची एकूण फी, वसतिगृह आणि मेस धरून, लाखांत मोजायची तयारी ठेवा. स्वतःची प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या खासगी आणि अभिमत विद्यापीठांचेही तेच.

दुसऱ्या टोकाला सरकारी आणि अनुदानित महाविद्यालये आहेत. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे, त्याचे प्राचार्यपद बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवले. नानी पालखीवाला आणि एच. एम. सीरवाई तिथेच शिकले. संविधानाच्या इतिहासातल्या १९७३ च्या गाजलेल्या केशवानंद भारती खटल्यात हे दोघे समोरासमोर उभे राहिले, पालखीवाला याचिकाकर्त्यांकडून आणि सीरवाई केरळ सरकारकडून. अशा ठिकाणी वर्षाची फी आजही काही हजारांत भागते. सीईटीच्या अभ्यासावर सहा महिने जास्त घालवून अशी जागा मिळवली, तर ते सहा महिने तुमच्या आयुष्यातली सर्वांत किफायतशीर मेहनत ठरते.

इथे एक बारकावा आहे. एकाच महाविद्यालयात, एकाच इमारतीत अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन तुकड्या असू शकतात. तीन वर्षांचा अभ्यासक्रम अनुदानित आणि पाच वर्षांचा विनाअनुदानित, असेही असते. “अमक्याच्या मुलाला तिथे आठ हजार फी होती” हे ऐकून कॉलेज निवडलेल्यांना प्रत्यक्षात त्याच्या पाचपट पावती फाडावी लागल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. पसंतीक्रम भरण्याआधी नेमक्या तुकडीचा प्रकार आणि तिची फी लेखी बघा.

विनाअनुदानित महाविद्यालयाला मनाला येईल ती फी घेता येत नाही. महाराष्ट्राच्या २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण नेमले आहे. ते दरवर्षी प्रत्येक अभ्यासक्रमाची फी मंजूर करते आणि संकेतस्थळावर टाकते. मंजूर आकड्याहून जास्त मागणी झाली तर तिथे तक्रार करता येते. देणगी घेणे तर १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्यानेच गुन्हा आहे. हे प्राधिकरण कुठून आले, तो इतिहास तुमच्या अभ्यासक्रमात आहे. २००२ साली टी.एम.ए. पै फाउंडेशन खटल्यात अकरा न्यायाधीशांनी सांगितले की शिक्षणसंस्था चालवणे हा अनुच्छेद १९(१)(छ) खालचा व्यवसाय आहे, संस्था वाजवी फी ठरवू शकते, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. २००३ च्या इस्लामिक अकॅडमी निकालाने फीवर लक्ष ठेवणाऱ्या समित्या आणल्या. २००५ मध्ये सात न्यायाधीशांनी इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात त्या समित्या कायम ठेवल्या. या तीन निकालांचे शीर्षटिपण जरी वाचले, तरी स्वतःच्या फीच्या पावतीवर प्रत्येक रकाना का आहे ते समजते. मी वर्गात पहिल्या तासाला मुलांना तीच पावती काढायला लावते.

प्रवेश रद्द करायची वेळ आली तर मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क कोणत्याही महाविद्यालयाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने हे २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे, आणि फी परतीचे टप्पेही ठरवून दिले आहेत. रद्द करण्याचा अर्ज दिला की त्यावर तारखेची पोच घ्या. सगळा परतावा त्या तारखेवर ठरतो.

सवलती: अर्ज कुणी करायचा?

महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज विद्यार्थ्यानेच करायचा असतो, कॉलेज तो आपणहून करत नाही. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. मंगळवेढ्याच्या या मुलीला संस्था पातळीवर “आत्ताच जागा धरा” असे कुणीतरी सुचवले होते. तिने ते ऐकले असते तर तीन वर्षांची माफी एका सहीने गेली असती.

मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत निम्मी सवलत आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आणि सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना स्वाधार योजनेखाली मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत राहण्या-जेवणाची रक्कम मिळते. हे पैसे वर्षाच्या सुरुवातीला हातात येत नाहीत, कधी कधी वर्ष संपताना येतात. तोवरची सोय करून ठेवा. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रे मे महिन्यातच तहसील कार्यालयात मार्गी लावा. निकालानंतर तिथे रांग लागते.

लाखांची बेरीज

आता त्या कागदावरची खालची बेरीज. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचे तर महिन्याला साधारण ५,००० रुपये, मेसचे ३,५००, बस, मोबाइल, झेरॉक्स, आजारपण मिळून दीड हजार. हे झाले दहा हजार. वर्षाचे दहा महिने धरले तरी लाख, तीन वर्षांचे तीन लाख. मुंबईत हाच आकडा दीडपट होतो. फी माफ झाली तरी हा खर्च उरतोच.

म्हणून मी त्यांना विचारले, सोलापूर का नको? घरून किंवा नातेवाइकांकडे राहून जाता येईल असे मान्यताप्राप्त कॉलेज जवळ असेल तर संविधानाच्या अभ्यासासाठी पुण्या-मुंबईचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. शिक्षक चांगला असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते कळण्यासाठी दुसऱ्या वर्षाच्या चार मुलांशी बोला, वर्गात एक दिवस बसू द्या म्हणून विनंती करा. कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे की नाही, एवढे मात्र कौन्सिलच्या यादीत स्वतः तपासा. मान्यता लटकलेली असेल तर त्याचा त्रास सनद घेताना होतो.

नोकरी सांभाळून एलएल.बी. करणाऱ्यांनी वेगळा हिशेब करायचा आहे. बार कौन्सिलच्या नियमाने प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. “हजेरीचे बघून घेऊ” असे सांगणारे भेटतील. त्यांच्या भरवशावर राहू नका. रजा, बिनपगारी दिवस, हुकलेली बढती हा सगळा खर्च आहे आणि अनेकांच्या बाबतीत तो फीपेक्षा मोठा असतो.

दीड हजारांची बेरीज

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग.

पहिली खरेदी संविधानाची मूळ प्रत. बेअर ॲक्ट. खिशात मावणाऱ्या आकारापासून मोठ्या टायपापर्यंत साधारण शंभर ते तीनशे रुपयांत मिळतो. इंग्रजी प्रत घ्याच, आणि मराठीतून शिकून आला असाल तर शासनाची ‘भारताचे संविधान’ ही मराठी प्रतही घ्या. ती शासकीय ग्रंथागारात मिळते, मुंबईत चर्नी रोडला. पीडीएफ सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, पण संविधान पडद्यावर शिकू नये. त्याच्या समासात लिहावे लागते. अनुच्छेद १४ शेजारी निकालाचे नाव, १९ शेजारी कोणते निर्बंध वाजवी ठरले ते, २१ शेजारी तर जागा पुरणार नाही. तीन वर्षांनी ती जुनी झालेली प्रत हेच तुमचे सगळ्यात मौल्यवान पुस्तक होते.

दुसरी खरेदी एकच पाठ्यपुस्तक. जे. एन. पांडे यांचे पुस्तक सोप्या इंग्रजीत आहे, परीक्षेला पुरते. व्ही. एन. शुक्ला यांचे पुस्तक अनुच्छेदांच्या क्रमाने जाते, विचार नेमका असतो. एम. पी. जैन जाडजूड आणि सखोल, पण पहिल्याच वर्षी विकत घ्यायची गरज नाही, ग्रंथालयात वाचा. सीरवाईंचे तीन खंड काही हजारांचे आहेत आणि त्यांची चौथी आवृत्ती १९९६ मध्ये थांबली, त्याच वर्षी २६ जानेवारीला ते गेले. मतभेद कसा मांडावा हे शिकायला सीरवाई अजोड आहेत, आजचा कायदा शोधायला नाहीत. त्या क्लासच्या यादीत हे तिन्ही खंड होते.

पांडे किंवा शुक्ला, दोहोंतले एक. नवे घेतले तर हजाराच्या आसपास, जुने घेतले तर निम्म्यात. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत फोर्टचे पदपथ, आणि सगळ्यात चांगले म्हणजे कॉलेजातले तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी. जुने पुस्तक घेताना मी मुलांना तीन ठिकाणी उघडून बघायला सांगते. १०६ वी घटनादुरुस्ती, म्हणजे २०२३ चे महिला आरक्षण, त्यात आहे का? अनुच्छेद ३७० वरचा डिसेंबर २०२३ चा निकाल आहे का? आणि प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, नोव्हेंबर २०२४, नऊ न्यायाधीशांचा, आहे का? मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींवरून सुरू झालेल्या त्या खटल्याने प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे असे ठरवले आणि चाळीस वर्षे शिकवला जाणारा अर्थ बदलला. तिसरा नसेल तर पुस्तक चालेल, हाताने टिपण जोडा. पहिले दोन्ही नसतील तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

बाकी सगळे मोफत आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ई-एससीआर पोर्टल सुरू केले, त्यावर अधिकृत निकालपत्रे शीर्षटिपणासह बिनपैशाने मिळतात, अनेक निकालांचे मराठी भाषांतरही. इंडियन कानून संकेतस्थळावर शोध सोपा आहे. केशवानंद भारतीच्या निकालासाठी सर्वोच्च न्यायालयाने वेगळे वेबपान केले आहे: तेरा न्यायाधीश, ६८ दिवसांची सुनावणी, २४ एप्रिल १९७३, सात विरुद्ध सहा. संविधान सभेतल्या चर्चांचे बाराही खंड मोफत वाचता येतात. बाबासाहेबांची ४ नोव्हेंबर १९४८ आणि २५ नोव्हेंबर १९४९ ची दोन भाषणे वाचल्याशिवाय पाठ्यपुस्तक उघडू नये, असे माझे ठाम मत आहे. सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाच्या सुनावण्या थेट दिसतात. वकिलाला प्रश्न कुठे अडवतो, न्यायाधीश कुठल्या उदाहरणाने कोंडी करतात, हे वीस वर्षांपूर्वी दिल्लीला गेल्याशिवाय बघायला मिळत नव्हते. सरकारच्या स्वयम् व्यासपीठावर संविधानाचे अभ्यासक्रम आहेत. शिकणे मोफत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच हजारभर रुपये.

क्लासबद्दल स्पष्ट सांगते. विषय समजावून देणारा शिक्षक कॉलेजात नसेल तर मदत घेण्यात कमीपणा नाही. पण आधी एका महिन्याचे पैसे भरा, वर्षाचे एकदम नको. छापील माहितीपत्रक, जाहिरात आणि पावती जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये मनू सोळंकी प्रकरणात शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवले, मात्र कोचिंग क्लासला शिक्षणसंस्था मानले नाही. म्हणजे कॉलेजविरुद्ध जी तक्रार ग्राहक आयोगात टिकणार नाही, ती क्लासविरुद्ध करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

मूट कोर्ट, इंटर्नशिप आणि कोल्हापूर

संविधान बोलून शिकायचे असते, म्हणून एक तरी मूट कोर्ट, म्हणजे अभिरूप न्यायालयाची, स्पर्धा करावी. दोन वक्ते आणि एक संशोधक असा तिघांचा संघ, नोंदणी शुल्क बहुधा काही हजार, शिवाय प्रवास आणि मेमोरिअलची, म्हणजे लेखी युक्तिवादाची, छपाई. कॉलेज हा खर्च उचलते का ते आधी विचारा. अनेक ठिकाणी तरतूद असते आणि मागणाऱ्यालाच मिळते. नसेल तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेऐवजी कॉलेजातल्या अंतर्गत स्पर्धेत उभे राहा. शिकायला मिळते ते तेवढेच.

दिल्लीतल्या महिन्याभराच्या बिनपगारी इंटर्नशिपला राहणे, खाणे आणि रेल्वे धरून सहज वीस-पंचवीस हजार जातात. पहिल्या दोन वर्षांत त्याची गरज नाही. अनुच्छेद २२६ खालच्या रिट याचिका उच्च न्यायालयातच चालतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात त्याची पीठे आहेतच, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसते. सोलापूर, सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणे आता तिथे जातात. न्यायालय खुले असते, मागच्या बाकावर बसून ऐकायला पैसे पडत नाहीत. मंगळवेढ्याहून एसटीने कोल्हापूर गाठायचे आणि दोन दिवस बदली, निवडणूक, जमीन संपादनाच्या याचिका ऐकायच्या. याहून चांगले प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

शेवटचा खर्च सनदेचा. तिथे एक निकाल थेट तुमच्या खिशाशी जोडलेला आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम २४ मध्ये नोंदणी शुल्क ठरलेले आहे: राज्य बार कौन्सिलला ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५०, मिळून ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. प्रत्यक्षात निरनिराळ्या राज्यांत पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत रक्कम घेतली जात होती. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या निकालात ते थांबवले. आधार अनुच्छेद १४ चा, आणि त्याच १९(१)(छ) चा. ज्या तरतुदीवर संस्थेचा फी ठरवण्याचा हक्क उभा आहे, तीच नव्या वकिलाला व्यवसायाचे दार पैशाअभावी बंद होऊ देत नाही. आधी भरलेले पैसे परत मिळणार नाहीत असे न्यायालयाने सांगितले, पण तुम्ही आता प्रवेश घेत आहात, तेव्हा हा निकाल तुम्हाला पूर्ण लागू आहे. अखिल भारतीय बार परीक्षेचा अर्ज वेगळा, सध्या साडेतीन हजारांच्या घरात. कायदेशीर मुद्रांक शुल्कही वेगळे.

त्या मुलीने सोलापुरात कॅप राउंडमधून प्रवेश घेतला. तीन वर्षांनी ती सनदेच्या खिडकीपाशी उभी राहील, तुम्हीही राहाल. तिथे नोंदणीच्या नावाखाली ७५० रुपयांहून जास्त मागितले गेले, तर रक्कम कोणत्या तरतुदीखाली मागता ते लेखी द्या म्हणून सांगा आणि पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.